‘ते आरक्षण’ म्हणजे नेमकं कोणतं?

प्रस्तावना

आधी एक चाचणी वाचून घ्या. बसची तिकिटं विकणाऱ्या एका सॉफ्टवेअरसाठी ती लिहिली आहे.

परिदृश्य: आदल्या दिवशी आरक्षण रद्द करणे
दिलेल्या प्रमाणे प्रवाशाने बेंगळुरू ते कोल्हापूर बसचे एक आसन आरक्षित केले आहे
जेव्हा तो ते आरक्षण बस सुटण्याच्या आदल्या दिवशी रद्द करतो
मग १० टक्के रक्कम कापून उरलेले पैसे त्याला परत मिळतात
आणि ते आसन पुन्हा विक्रीसाठी खुले होते

ही गंमत म्हणून लिहिलेली नाही. क्युकंबर नावाच्या टूलला फाइलच्या पहिल्या ओळीत भाषा मराठी असल्याचं सांगितलं की ‘वैशिष्ट्य’, ‘परिदृश्य’, ‘दिलेल्या प्रमाणे’, ‘जेव्हा’, ‘मग’, ‘आणि’ हे शब्द ते ओळखतं. कन्नडही ओळखतं. वर ‘वैशिष्ट्य’ची एक ओळ जोडली की या ओळी जशाच्या तशा चालतात आणि शेवटी टेस्ट पास झाली की फेल, ते सांगतात. बुकिंग काउंटरवर बसणाऱ्या माणसाला त्या वाचून दाखवल्या तर तो मान डोलावेल, किंवा ‘१० नाही, त्या वेळी १५ टक्के कापतात’ असं म्हणेल. दोन्ही आपल्या कामाचं. चाचणी साध्या वाक्यांत लिहायची ती एवढ्यासाठीच.

आता तीच वाक्यं यंत्राच्या बाजूनं बघू. प्रत्येक ओळीमागे एक फंक्शन असतं. ओळ आणि तिच्यामागचं फंक्शन, दोघांना मिळून म्हणतात स्टेप. पहिल्या ओळीचं फंक्शन सर्व्हरकडे जातं, आसन आरक्षित करतं, सर्व्हर त्याला आरक्षण क्रमांक देतो. फंक्शन संपतं आणि त्याच्या पोटातला तो क्रमांकही जातो. दुसरी ओळ म्हणते, ‘ते आरक्षण रद्द करतो’. कोणतं? वाचणाऱ्याच्या मनात मागचं वाक्य अजून ताजं असतं, म्हणून त्याला हा प्रश्न पडत नाही. दुसऱ्या फंक्शनला मात्र मागचं वाक्य ऐकूच आलेलं नाही. तिसऱ्या ओळीला मूळ भाडं किती होतं ते हवं, चौथीला आसनाचा नंबर हवा, आणि दोघींच्या हातात काही नाही.

नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये ही अडचण येत नाही. एका फंक्शननं उत्तर परत केलं, ते आपण दुसऱ्याला दिलं, संपलं. इथे दोन फंक्शनांच्या मध्ये मराठीतलं एक वाक्य उभं आहे आणि त्या वाक्यात आरक्षण क्रमांकाला जागा नाही. फंक्शनं बोलावणारे आपण नाही, टूल आहे. कोणत्या क्रमानं बोलवायची ते फीचर फाइल, म्हणजे ही वाक्यं असलेली फाइल, लिहिणारा ठरवतो. त्यात ‘आसन आरक्षित केले आहे’ ही स्टेप एकट्या या परिदृश्याची नसते. तारीख बदलणं, आसन बदलणं, प्रवास संपल्यावर तक्रार नोंदवणं, या सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते. आरक्षणाच्या स्टेपा एका फाइलीत, रद्द करण्याच्या दुसऱ्या, परताव्याच्या तिसऱ्या, आणि तिन्ही लिहिणारी माणसं बहुधा वेगळ्या टीममधली. स्टेप पुन्हा पुन्हा वापरता यावी म्हणून ती सुटी ठेवायची आणि सुटी ठेवली की तिला मागचं काही कळत नाही. पुढची पानं या एकाच पेचाबद्दल आहेत. टेस्टर लोक याला ‘स्टेपांमध्ये स्टेट शेअर करणं’ म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.

हा पेच नवा नाही, या पद्धतीच्या जन्मापासूनचा आहे. डॅन नॉर्थ लंडनमध्ये थॉटवर्क्स कंपनीत असताना, २००३ च्या सुमारास, युनिट टेस्ट शिकवता शिकवता कंटाळला होता. कुठून सुरुवात करायची, किती तपासायचं, टेस्टला नाव काय द्यायचं, हेच प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारत. त्यानं ‘टेस्ट’ हा शब्दच बाजूला ठेवून ‘वर्तन’ म्हणायला सुरुवात केली, जेबिहेव नावाचं टूल लिहायला घेतलं, आणि ख्रिस मॅट्स या बिझनेस अॅनालिस्टबरोबर बसून ‘दिलेलं–जेव्हा–मग’ हा साचा बसवला. मार्च २००६ मध्ये त्यानं हे सगळं एका लेखात मांडलं. उदाहरण होतं एटीएममधून पैसे काढण्याचं: खात्यात पैसे आहेत, कार्ड वैध आहे, यंत्रात रोकड आहे. खातं ओव्हरड्रॉ झालं असेल तर? तेव्हा खात्याचा तुकडा आणि काही निकाल बदलायचे, पण वैध कार्डाचा तुकडा आणि पैसे मागण्याची घटना तशीच वापरायची. म्हणजे तुकडे पुन्हा वापरण्याचा मोह पहिल्याच उदाहरणात आहे.

आणि त्याच लेखातल्या कोडमध्ये या पेचाचा उपायही आहे, फक्त त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. प्रत्येक तुकड्याच्या हातात ‘वर्ल्ड’ नावाची एक वस्तू दिलेली दिसते. ‘दिलेलं’वाले तुकडे या वर्ल्डमध्ये मांडामांड करतात, घटना त्या वर्ल्डमध्ये घडते आणि निकाल तपासणारे तुकडे त्याच वर्ल्डकडे बघतात. नॉर्थनं त्यावर फार शाई खर्च केली नाही. त्याला वाक्यांबद्दल बोलायचं होतं. पण २००८ मध्ये अस्लाक हेलेसॉय या नॉर्वेजियन प्रोग्रॅमरनं क्युकंबर आणलं तेव्हा त्यातही वर्ल्ड होतंच, आणि आज रोजच्या कामात टेस्टरचा जास्त वेळ वाक्यांपेक्षा या वर्ल्डमध्येच जातो.

बेंगळुरूचा या गोष्टीशी संबंध जुना आहे. थॉटवर्क्सनं २००१ मध्ये इथे आपलं केंद्र उघडलं. अमेरिकेतला ग्राहक आणि बेंगळुरूतले प्रोग्रॅमर यांच्यात वेळेचं आणि समजुतीचं अंतर कसं भरून काढायचं यावर थॉटवर्क्सच्याच मार्टिन फाउलरनं एक लेख लिहिला आणि २००६ मध्ये तो सुधारला. त्यातला एक मुद्दा असा, की गरज समजावून सांगायला चाचण्यांची स्क्रिप्टच पाठवावी. लांबलचक दस्तऐवजात जे सुटतं ते ‘असं असताना, असं केलं, तर असं व्हावं’ या तीन ओळींत पकडता येतं. इथल्या कितीतरी टीम अशाच वाढल्या. संध्याकाळी पलीकडून वाक्यं यायची, सकाळी इकडे स्टेपा लिहायच्या. वाक्यं लिहिणारा एका खंडात आणि स्टेपा लिहिणारा दुसऱ्या, तेव्हा ‘ते आरक्षण’ कोणतं हे विचारायला जागेवर कुणी नसतं. थॉटवर्क्सनंच पुढे गेज हे टूल काढलं. त्यात या प्रश्नाला सरळ नावं आहेत: एक साठा परिदृश्यापुरता, एक त्या फाइलीपुरता, एक सगळ्या रनपुरता. ज्याचा पल्ला संपला तो साठा रिकामा होतो.

साठा कुणाचा आणि किती वेळाचा, हे दोन प्रश्न सोडले तर या विषयात फारसं काही उरत नाही, असं माझं मत आहे. बाकी सगळा टूल-टूलचा फरक.

मी हे शिवाजीनगरात बसून लिहितोय. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच पुणं येईल. हे ते नव्हे. हे बेंगळुरूच्या कॅन्टोन्मेंटातलं, पूर्वी ज्याला ब्लॅकपल्ली म्हणत ते. रसेल मार्केट, सेंट मेरीज बॅसिलिका आणि शहरभरच्या बसगाड्या जिथे येऊन वळतात तो बस स्टँड. या बसगाड्यांमध्ये, आपल्या एसटीतही, एक रीत वर्षानुवर्षं चालत आली आहे. तुम्ही मोठी नोट दिली आणि कंडक्टरकडे चिल्लर नसली की तो तिकिटाच्या पाठीमागे पेननं आकडा लिहितो, ‘७०’, आणि पुढे सरकतो. उतरण्याआधी तिकीट दाखवायचं, पैसे घ्यायचे. यूपीआय आल्यापासून हे कमी झालंय, पण अजून बघायला मिळतं. भरलेल्या गाडीत कुणाचे किती राहिले हे कंडक्टर डोक्यात ठेवत नाही. ज्याचं देणं ते त्याच्याच तिकिटावर. प्रवासी उतरला की देणंही गेलं आणि तिकीटही. नवा प्रवासी कोरं तिकीट घेऊन येतो.

क्युकंबरचं वर्ल्ड नेमकं या तिकिटासारखं आहे. परिदृश्य सुरू होताना नवं, कोरं मिळतं. त्यातली प्रत्येक स्टेप त्यावर लिहू शकते, वाचू शकते. परिदृश्य संपलं की ते टाकून दिलं जातं. रुबीमध्ये तर ‘@’ लावून नाव लिहिलं की झालं, पुढच्या स्टेपला ते दिसतं. इतकं सोपं, की आपण स्टेट शेअर करतोय हे लक्षातही येत नाही, आणि तिथेच थोडा घोळ होतो. नावात टायपिंगची चूक झाली तर रुबी तक्रार करत नाही, रिकामी किंमत हातात ठेवते, आणि टेस्ट चार ओळी पुढे भलत्याच जागी पडते. जावास्क्रिप्टमध्ये वर्ल्ड ‘धिस’मधून मिळतं. नवीन मुलं सवयीनं बाण वापरून फंक्शन लिहितात. बाणाच्या फंक्शनला स्वतःचं ‘धिस’ नसतं, मग आरक्षण क्रमांक ‘अनडिफाइन्ड’ येतो आणि अख्खी दुपार सर्व्हरला दोष देण्यात जाते. जुना ‘फंक्शन’ शब्द वापरून लिहिलं की प्रश्न मिटतो. यात खोल काही नाही, पण ज्याला माहीत नाही त्याला ते सापडणं अवघड.

जावाची गोष्ट निराळी. तिथे स्टेपा क्लासमध्ये असतात आणि प्रत्येक परिदृश्यासाठी टूल त्या क्लासची नवी वस्तू बनवतं. एकाच क्लासमधल्या स्टेपा त्या वस्तूच्या फील्डमधून एकमेकींशी बोलू शकतात. वेगळ्या क्लासमधल्या नाही. इथे बहुतेक टीम जे करतात ते असं: फील्डच्या आधी ‘स्टॅटिक’ हा एक शब्द घालतात. लगेच सगळ्यांना सगळं दिसायला लागतं आणि टेस्ट हिरव्या होतात. स्टॅटिक म्हणजे कंडक्टरनं आकडा डोक्यात ठेवण्याचा प्रकार. पहिल्या परिदृश्यानं ठेवलेला आरक्षण क्रमांक दुसऱ्यातही तसाच असतो. दुसऱ्यात कुणी आरक्षण करायला विसरला तरी रद्द करण्याची स्टेप जुन्या क्रमांकावर चालून जाते. टेस्ट पास होते. जी टेस्ट फेल व्हायला हवी होती ती पास होणं, हे ऑटोमेशनमधलं सगळ्यात महाग अपयश, कारण ते कुणाला दिसत नाही.

स्टॅटिकच्या या कर्जाचा हप्ता कधी येतो? रात्रीचा रन लांबत जातो, सकाळच्या मीटिंगपर्यंत निकाल येत नाही, कुणीतरी म्हणतं, ‘पॅरलल करूया’. चार थ्रेड एकाच वेळी चार परिदृश्यं चालवायला लागतात आणि चौघांचा आरक्षण क्रमांक एकाच स्टॅटिक जागेत. एकानं लिहिला, दुसऱ्यानं त्यावर लिहिला, पहिल्यानं दुसऱ्याचं आरक्षण रद्द केलं. लाल दिवे लागतात. पुन्हा चालवलं की काही हिरवे होतात, दुसरेच लाल होतात. मग टीममध्ये ‘फ्लेकी’ हा शब्द रुळतो आणि टेस्ट तीनदा चालवायची, एकदा पास झाली तर पास धरायची, अशी सोय लावली जाते. माझ्या मते ही सोय म्हणजे आजार लपवणं आहे. तीनदा चालवून पास होणाऱ्या टेस्टमध्ये बऱ्याचदा सॉफ्टवेअरचा दोष नसतो हे खरं; पण कधी कधी असतो, आणि तो कधी असतो हे ओळखायचं साधनच आपण फेकून दिलेलं असतं.

डॉटनेटवाल्यांना हा धडा टूलनंच दिला. २००९ मध्ये आलेल्या स्पेकफ्लोमध्ये चालू परिदृश्याचा साठा कुठूनही मागता यायचा, ‘सिनॅरिओ कॉन्टेक्स्ट डॉट करंट’ असं लिहून. हजारो टेस्ट त्यावर उभ्या राहिल्या. पुढे पॅरलल रन आले आणि ‘करंट’ म्हणजे कुणाचा करंट, हा प्रश्न उभा राहिला. तिसऱ्या आवृत्तीत ती वाट कालबाह्य ठरवली गेली. साठा हवा असेल तर कन्स्ट्रक्टरमधून मागून घ्या, असं सांगण्यात आलं. २०२४ च्या अखेरीला स्पेकफ्लो स्वतःच बंद झालं. त्याचा एक मूळ कर्ता गास्पार नॉज यानं रेक्नरोल या नावानं ते पुढे चालू ठेवलंय, आणि तिथेही कन्स्ट्रक्टरचीच वाट आहे.

कन्स्ट्रक्टरची वाट म्हणजे काय ते जरा जवळून बघू, कारण जावात आणि डॉटनेटमध्ये मला हीच योग्य वाटते. ‘आरक्षणप्रसंग’ नावाचा एक छोटा क्लास लिहायचा. त्यात तीन फील्ड: आरक्षण क्रमांक, भरलेलं भाडं, आसन. मग आरक्षणाच्या स्टेपांचा क्लास, रद्दच्या स्टेपांचा क्लास आणि परताव्याच्या स्टेपांचा क्लास, तिघांच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ‘मला आरक्षणप्रसंग हवा’ असं लिहायचं. जावात पिकोकंटेनरचं छोटं जोड-पॅकेज घातलं की बाकीचं टूल करतं. परिदृश्य सुरू झालं की एक आरक्षणप्रसंग बनवतं, तोच तिघांना देतं आणि शेवटी फेकून देतं. पुढच्या परिदृश्याला नवा. दुसऱ्या थ्रेडला त्याचा स्वतःचा. स्प्रिंग वापरणाऱ्यांनी मात्र सांभाळावं. स्प्रिंगची वस्तू सांगितल्याशिवाय एकदाच बनते आणि सगळ्या रनभर जगते, म्हणून ती परिदृश्यापुरती असल्याची खूण मुद्दाम लावावी लागते. ती खूण विसरली की स्टॅटिकचा सगळा घोळ मागच्या दारानं परत येतो, आणि या वेळी कोडमध्ये ‘स्टॅटिक’ हा शब्दही नसतो म्हणून तो शोधायला जास्त वेळ लागतो.

पायथॉनमध्ये बिहेव हे टूल प्रत्येक स्टेपला ‘कॉन्टेक्स्ट’ देतं. त्याची रचना मला आवडते. तो थरांचा आहे: खाली सगळ्या रनचा थर, त्यावर फीचरचा, त्यावर परिदृश्याचा. परिदृश्यात जे ठेवलं ते परिदृश्याबरोबर उचललं जातं. रनच्या सुरुवातीला ठेवलेला सर्व्हरचा पत्ता तसाच राहतो. खालच्या थरातल्या नावावर वर काही लिहिलं तर तेवढ्यापुरतं ते झाकलं जातं आणि नंतर जुनं पुन्हा दिसतं. पायटेस्ट-बीडीडीनं आणखी वेगळा मार्ग काढला: स्टेपनं परत केलेल्या किमतीलाच नाव द्यायचं आणि पुढच्या स्टेपनं ते नाव आपल्या पॅरामीटरमध्ये लिहून मागायचं. वाक्यांच्या मध्ये हरवलेली ‘परत केलेली किंमत’ इथे पुन्हा सापडते. कोणत्या स्टेपला काय लागतं हे तिच्या पहिल्या ओळीतच दिसतं, हा त्याचा मोठा गुण.

साठा परिदृश्यापुरता केला म्हणजे काम संपलं असं नाही. त्यात काय आणि कोणत्या नावानं ठेवायचं, हे उरतंच. बऱ्याच टीममध्ये साठा म्हणजे एक डिक्शनरी असते: डावीकडे नाव, उजवीकडे काहीही. यावर माझा जुना राग आहे, आणि शिवाजीनगरनंच त्याला उदाहरण पुरवलंय. समजा प्रवासी पुण्याच्या शिवाजीनगरहून बेंगळुरूच्या शिवाजीनगरला येतोय. चढण्याची स्टेप डिक्शनरीत ‘स्थानक’ या नावाखाली ‘शिवाजीनगर’ ठेवते. उतरण्याची स्टेपही ‘स्थानक’ याच नावाखाली ‘शिवाजीनगर’ ठेवते, कारण ती दुसऱ्या टीमनं लिहिली आणि त्यांना पहिलीची कल्पना नव्हती. शेवटची स्टेप तपासते: तिकिटावर उतरण्याचं स्थानक साठ्यातल्या स्थानकाशी जुळतं का? जुळतं. सॉफ्टवेअरनं चुकून दोन्ही ठिकाणी पुण्याचंच शिवाजीनगर छापलं असतं तरी जुळलं असतं. हाच साठा क्लास असता, त्यात ‘चढण्याचं स्थानक’ आणि ‘उतरण्याचं स्थानक’ अशी दोन फील्ड असती, आणि स्थानक म्हणजे नुसतं अक्षरांचं नाव न राहता शहरासकट असलेली वस्तू असती, तर ही टेस्ट लिहितानाच कंपायलरनं हात धरला असता.

एकाच परिदृश्यात दोन आरक्षणं आली की ‘ते आरक्षण’ माणसालाही पुरत नाही. तिथे वाक्यच सुधारायचं: ‘आईचे आरक्षण रद्द केले’, ‘मुलाचे आरक्षण तसेच राहिले’. साठ्यात मग ‘आई’ आणि ‘मुलगा’ या नावांसमोर दोन क्रमांक. सेरेनिटी या टूलमध्ये हीच कल्पना नीट बसवली आहे. तिथे प्रत्येक पात्राला स्वतःची आठवण असते. पात्रानं एखादी गोष्ट लक्षात ठेवायची, पुढे त्याच पात्राला ती आठवायला सांगायची. तिकीट घेतलेला माणूसच तिकीट जवळ ठेवतो, दुसऱ्याच्या खिशात हात घालत नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन भूमिका एकमेकांशी व्यवहार करतात, खरेदीदार आणि विक्रेता, कर्जदार आणि मंजुरी देणारा अधिकारी, तिथे ही रचना वापरून बघावी. साध्या आरक्षणाला ती जड होते.

आणखी एक दोष वरवर दिसत नाही. रद्द करणारी स्टेप सर्व्हरला सांगते, ‘रद्द कर’, आणि साठ्यातल्या आरक्षणासमोर स्वतःच लिहून ठेवते, ‘स्थिती: रद्द’. शेवटची स्टेप साठ्यात बघते: रद्द आहे? आहे. पास. सर्व्हरनं काहीच केलेलं नसलं तरी पास. टेस्टनं स्वतःचीच नोंद तपासली. म्हणून माझा आग्रह असा, की साठ्यात ओळख ठेवा, निकाल ठेवू नका. आरक्षण क्रमांक ठेवा. आरक्षणाची सध्याची स्थिती ‘मग’च्या स्टेपनं सर्व्हरकडून ताजी मागून घ्यावी. भाडं मात्र ठेवावं लागतं, कारण दर मध्येच बदलला तरी परतावा भरलेल्या भाड्यावरच मोजायचा असतो. कोणती गोष्ट भूतकाळातली म्हणून जपायची आणि कोणती वर्तमानातली म्हणून पुन्हा विचारायची, हा निर्णय व्यवहारातला आहे. तो टूल घेऊन देणार नाही.

काही स्टेट प्रोग्रॅममध्ये नसतंच. वर्ल्ड फेकलं, कॉन्टेक्स्ट उचलला, तरी डेटाबेसमध्ये कोल्हापूरच्या बसचं १२ नंबरचं आसन भरलेलंच राहतं. उद्या तीच टेस्ट ‘आसन शिल्लक नाही’ म्हणून पडते. टेस्ट संपल्यावर सगळं पुसून टाकावं, असं पुस्तकं सांगतात. पण टेस्ट मध्येच मेली तर पुसणारं फंक्शन आधीच्या अर्धवट माहितीवर चालतं आणि स्वतःच पडतं. त्यापेक्षा प्रत्येक परिदृश्यानं आपली बस स्वतः तयार करावी, आजच्या रनचा शिक्का असलेल्या नावानं, आणि जुन्या बसगाड्यांची साफसफाई रात्री वेगळी व्हावी, हे मला जास्त टिकाऊ वाटतं. जिथे बस तयार करायला दुसऱ्या खात्याची परवानगी लागते तिथे हे जमत नाही, आणि तिथे खरोखरच दुसरा चांगला मार्ग नाही.

याच कुळातला एक प्रकार म्हणजे परिदृश्यांची साखळी: पहिल्यात आरक्षण करायचं, दुसऱ्यात तेच रद्द करायचं, तिसऱ्यात परतावा बघायचा. वेळ वाचतो हे खरं. पण पहिलं पडलं की तिन्ही पडतात आणि तिसऱ्याच्या लाल दिव्याचा अर्थच लागत नाही. क्युकंबरच्या बहुतेक आवृत्त्यांमध्ये परिदृश्यं विस्कटलेल्या क्रमानं चालवण्याची सोय आहे. आठवड्यातून एकदा तशी चालवली तर अशा लपलेल्या साखळ्या आपोआप उघड्या पडतात.

आता जरा कडू बोलतो. ज्या टेस्टमध्ये स्टेट शेअर करण्याचा त्रास फार होतो, तिथे बहुतेक वेळा खरा दोष साठ्यात नसतोच. स्टेपाच चुकीच्या मापाच्या असतात. ‘मी आरक्षणाच्या पानावर जातो’, ‘मी तारीख भरतो’, ‘मी हिरव्या बटणावर क्लिक करतो’, ‘मी आलेला क्रमांक लक्षात ठेवतो’: अशा वीस ओळींचं परिदृश्य. यातली ‘लक्षात ठेवतो’ ही ओळ कुणासाठी आहे? काउंटरवरचा माणूस असं कधी बोलत नाही. ती ओळ टूलसाठी लिहिलेली आहे, फक्त मराठीचा अंगरखा घालून. स्टेप छोटी म्हणजे जास्त वेळा वापरता येणारी, हा समज इथे नडतो. वाक्यं मोठ्या अर्थाची ठेवली, ‘प्रवाशाने आसन आरक्षित केले आहे’ इतकी, तर तारीख, बटण, पान हे सगळं त्या एका स्टेपच्या आत साध्या फंक्शनांत राहतं. तिथे किंमत परत करता येते, पॅरामीटर देता येतो, आणि साठ्याकडे फक्त आरक्षण क्रमांक जातो. पुनर्वापर करायचा तर या आतल्या फंक्शनांचा करावा. एका स्टेपमधून दुसरी स्टेप वाक्यानं बोलावण्याची सोय रुबीच्या क्युकंबरमध्ये आहे, पण तिचा वापर करू नका असं तिथेच सुचवलेलं आहे. जावाच्या आवृत्तीत ती दिलेलीच नाही. न देणाऱ्यांनी बरंच केलं.

आणि काही ठिकाणी ही वाक्यांची पद्धतच नको. ज्या टीममध्ये फीचर फाइल टेस्टरशिवाय कुणी उघडत नाही, तिथे ‘दिलेल्या प्रमाणे’ लिहून, मग त्याला फंक्शन जोडून, मग फंक्शनांमध्ये हरवलेली किंमत पुन्हा शोधण्याचा खटाटोप कुणासाठी करायचा? साधी युनिट टेस्टसारखी टेस्ट लिहावी. तिच्यात एक आरक्षण नावाचं व्हेरिएबल असतं, ते वरून खाली जातं, आणि या पुस्तिकेतल्या निम्म्या पानांची गरज पडत नाही.

पुढच्या प्रकरणांत कोडची उदाहरणं आधी जावातली आहेत, नंतर तीच पायथॉनमध्ये. रुबी वापरणाऱ्यांनी पहिली दोन प्रकरणं वरवर चाळली तरी चालेल. ‘@’नं त्यांचं बरंच काम केलेलं आहे. डेटाबेसवरचं प्रकरण मात्र कुणी सोडू नये. सगळीकडे कोल्हापूरची बसच वापरली आहे, म्हणजे एका प्रकरणातला साठा दुसऱ्यात नेऊन बघता येईल. मराठी फीचर फाइली आपल्या मशीनवर चालवताना फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली आहे एवढं आधी बघा.

शिवाजीनगर, बेंगळुरू